हिरव्या डब्यातलं वांगं

माझ्या खोलीची मागची खिडकी उघडली की शेजारणीचं अंगण दिसायचं. त्या अंगणात माती कमी आणि प्लास्टिक जास्त होतं. रंगाच्या रिकाम्या बकेटी, तेलाचे पाच लिटरचे डबे, तोंड कापलेला पाण्याचा जार, कान तुटलेला टब, आडव्या चिरलेल्या बाटल्या. प्रत्येकात काहीतरी हिरवं. टबात मेथी, बाटल्यांत पालक, बकेटींत मिरच्या आणि टमाटे, डब्यांत वांगी. भिंतीवर दोरी बांधून चढवलेला दोडका. पत्र्याच्या दोन खोल्यांच्या त्या घरात बाकी काही नव्हतं म्हटलं तरी चालेल.

बदली होऊन राणीसावरगावच्या शाळेत आले तेव्हा माझी तिच्याशी पहिली ओळख या डब्यांवरूनच झाली. नवऱ्याची नोकरी नांदेडला, मी इथं एकटी. शाळा सुटली की खिडकीशी उभी राहून तिचं काम बघायची. ती खिळा चुलीत लाल करायची आणि डब्याच्या बुडाला भोकं पाडायची. प्लास्टिक चर्र वाजायचं, धूर यायचा. काळी माती नुसती भरली तर दगडासारखी बसते, म्हणून त्यात राख, वाळू आणि शेणखत कालवायची. वय असेल अठ्ठावीस-तीस. बोलणं फार कमी. मी एकदा विचारलं, "एवढा खटाटोप कशाला? शेतात नाही का लावत?"

"शेत लांब हाय, बाई," ती म्हणाली. "अन् आमी सहा महिने उसाला जातो. तिकडचं कोण बघतंय? हे आपलं भिंतीच्या आत राहतंय."

दिवाळी झाली आणि त्यांचा जायचा दिवस आला. ट्रॅक्टर रस्त्यावर उभा होता. तिचा नवरा ट्रॉलीत पेटी, भांडी, सरपण चढवत होता. ती माझ्याकडं आली आणि अंगणाच्या फाटकाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"बाई, एवढं पाणी घालत जा. भाजी तुमीच खावा. कुणाला द्या, माझं काई म्हणणं न्हाई."

मग मला आत नेऊन तिनं एकेक डबा दाखवला. हा टब वरून ओला दिसतो पण खाली कोरडा असतो. या बकेटीचं भोक बुजतं, काडी घालायची. या जाराला दोन दिवसांआड घातलं तरी चालतं. माणसांच्या खोडी सांगाव्यात तसं सांगत होती. शेवटी भिंतीच्या कोपऱ्यात आलो. तिथं एकच डबा होता, बाकीच्यांपासून दोन हात लांब. गडद हिरवा, जाड प्लास्टिकचा, वरचं तोंड विळ्यानं वाकडंतिकडं कापलेला. त्यात वांग्याचं एक झाड होतं.

"याला बी रोज पाणी घाला," ती म्हणाली. "पण याचं काई तोडू नका."

"का गं?"

"नवसाचं हाय."

पोखर्णीच्या नरसिंहाला बोललेलं असेल, असं मला वाटलं. नवस म्हटल्यावर पुढं विचारायचं नसतं. ट्रॅक्टर गेला. धूळ खाली बसली आणि मी फाटकाला कुलूप लावलं.

पहिले पंधरा दिवस मी फक्त पाणी घालत होते. रोज सकाळी शाळेच्या आधी, दोन बादल्या. हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली, आणि एकदा लक्षात आल्यावर मला ती विसरता येईना.

अंगणात जीव भरपूर होते. मिरचीवर मावा, टमाट्याच्या पानांत नागमोडी रेघा, दोडक्याच्या फुलांवर मधमाशा, टबाभोवती मुंग्यांची रांग. बाकीच्या डब्यांतल्या वांग्यांना अळी होतीच. कापलं की आत काळा बोगदा. पण कोपऱ्यातल्या त्या झाडावर काहीही नव्हतं. पानाला एक भोक नाही, शेंडा कुठं सुकलेला नाही. पानं काळपट हिरवी, जणू तेल लावून पुसलेली. मुंग्यांची रांग भिंतीच्या कडेनं सरळ यायची आणि त्या डब्यापासून हातभर अंतरावर वळसा घेऊन पुढं जायची. मी एकदा गुळाचा खडा डब्याच्या काठावर ठेवून बघितला. दुसऱ्या दिवशी तो तसाच होता. विरघळून चिकट झालेला, पण एक मुंगी नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कारण असणार, हे मला कळत होतं. झाड निरोगी आहे, जात चांगली आहे, असं मनाला सांगत होते. तरी त्या कोपऱ्यात मी जास्त वेळ उभी राहायची नाही. अंगणातला बारीक गुंजारव तिथं थांबायचा. चार पावलं मागं आलं की पुन्हा ऐकू यायचा.

ती फोन करायची, चार-पाच दिवसांनी. संध्याकाळी, ऊस तोडून कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, परतल्यावर. मागं भांड्यांचे, बैलांच्या घुंगरांचे आवाज. माझी खुशाली विचारायच्या आधी ती विचारायची, "बाई, कोपऱ्यातलं कसं हाय?"

"चांगलं आहे. फुलं आलीत."

"आली का?" आणि लगेच, "तोडलं तर न्हाई ना काई?"

"नाही गं. नवसाचं आहे ना."

"हाव. नवसाचं हाय."

प्रत्येक वेळी हेच. मिरच्या किती लागल्या, दोडका वाळला का, याबद्दल एक शब्द नाही. मी स्वतःहून सांगितलं तर "खावा की" एवढंच. एकदा मी म्हटलं, "तुझ्या त्या झाडाला कीड कशी लागत नाही गं?" पलीकडून नुसता वारा ऐकू आला आणि फोन बंद झाला. रेंज गेली असेल, असं मी धरलं.

थंडी वाढली. आमच्या परभणीकडची थंडी कोरडी असते, सकाळी नळाला हात लावला तरी बोटं बधिर होतात. बाकीच्या डब्यांतली वांगी गारठून बारकी राहिली. कोपऱ्यातली मात्र भरत गेली. जांभळी, गोल, काटेरी देठाची. एका झाडाला सात. मी मोजली होती, कारण रोज त्यांच्याकडं बघितल्याशिवाय मला फाटक लावता यायचं नाही.

अशात माझे वडील दोन दिवस राहायला आले. आई गेल्यापासून ते परभणीत भावाकडं असतात, फारसे कुठं जात नाहीत. शनिवारी संध्याकाळच्या बसनं उतरले. रात्री जेवताना म्हणाले, "तुझ्या आईसारखी भरली वांगी कर उद्या. कारळं घालून."

रविवारी बाजार नव्हता. सकाळी पाणी घालायला गेले तेव्हा बाकीच्या डब्यांतली वांगी मी चाचपून बघितली. एक धड निघालं नाही. मग मी कोपऱ्यात गेले. मनात म्हटलं, देवाचीच तर आहेत, वडिलांच्या तोंडी गेली तर देव काय रागावणार आहे. ती परतेपर्यंत नवीन येतील, ती तिला दाखवता येतील. मी तीन वांगी तोडली. देठ पटकन मोडले. बोटांना कसलासा वास राहिला, लसणीसारखा, पण कडवट. साबणानं धुतला तरी गेला नाही. गडबडीत फाटकाला कुलूप लावायचं राहिलं.

दुपार होत आली होती. वडील ओसरीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी वांग्यांना चिरा देऊन मिठाच्या पाण्यात टाकली, शेंगदाणे आणि कारळं भाजली. मसाला भरायला पहिलं वांगं उचललं आणि फोन वाजला.

तिचा फोन होता. दुपारी बाराला. या वेळी ती उसाच्या फडात तोडणीला असायची. दिवसाउजेडी तिनं कधी फोन केला नव्हता.

"बाई," ती म्हणाली. दम लागला होता. "कोपऱ्यातल्याला हात लावला का तुमी?"

माझ्या एका हातात ओलं वांगं होतं. मी म्हणाले, "नाही."

पलीकडं कोयत्यांचा आवाज येत होता, कच, कच, कच. मग अगदी हळू आवाजात, "बाई, खरं सांगा."

"तीन तोडली. वडील आलेत म्हणून."

"शिजवली का?"

"अजून नाही."

"खाऊ नका. तुमाला तुमच्या लेकराची आण हाय, खाऊ नका. फेकू बी नका, ढोरं खातील. पुरून टाका. हात धुवा. चांगले धुवा."

"अगं पण का? काय आहे त्यात?"

"आल्यावर सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी परत लावला तर बंद.

मला मूलबाळ नाही. तिला ते माहीत होतं. घाईत तोंडून गेलं असणार. पण ती आण ऐकून मी वांगं खाली ठेवलं आणि कोपरापर्यंत हात धुतले.

वडिलांनी विचारलं, काय झालं. मी ते झाड बघायला मागच्या दारानं अंगणाकडं निघाले, तेही मागं आले. फाटक उघडं होतं. आत समोरच्या घरची कोंबडी पडली होती, हिरव्या डब्याच्या बुडाशी. पंख पसरलेले, मान उलटी, चोचीला फेस. अजून गरम होती. डब्यातली माती एका बाजूनं उकरलेली होती, आणि उकरलेल्या जागी मातीत बारीक, राखाडी दाणे दिसत होते.

वडील वाकले. त्यांनी शेती केलेली होती, फवारण्या केलेल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली, डबा जरासा तिरपा केला आणि मला बोलावलं. कागद खरवडून काढलेला होता, पण बुडाजवळ एक तुकडा राहिला होता. त्यावर लाल त्रिकोण, जहाल कीटकनाशकांवर असतो तो. फिका, तरी ओळखू येणारा.

"हा औषधाचा डबा आहे," ते म्हणाले. "आणि रिकामा नव्हता. औषध आतच आहे. त्याच्यावर माती टाकून झाड लावलंय कुणीतरी."

आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. भर दुपार होती, वर स्वच्छ निळं आभाळ. राहिलेली चार वांगी उन्हात चमकत होती. मी दोन महिने त्या डब्याला रोज पाणी घालत होते. त्याच्या बुडातून झिरपलेलं पाणी कुठं जात होतं? उतार टबाकडं होता. टबातली मेथी मी आठवड्यातून दोनदा खात होते.

वांगी आणि कोंबडी मी वडिलांनी दाखवलेल्या जागी, घरापासून लांब, खोल पुरली. समोरच्या घरी जाऊन काय झालं ते सांगितलं आणि अंगणाकडं जनावर फिरकू देऊ नका म्हणाले. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं. संध्याकाळच्या बसनं जाताना वडील म्हणाले, "तो डबा आधी काढून टाक. आणि त्या बाईला विचार, हे कुणासाठी लावलं होतं."

तो प्रश्न मला आठ दिवस चावत राहिला. कुणासाठी? ती भाजी तुमीच खावा म्हणाली होती. पण याचं तोडू नका, असंही तिनंच बजावलं होतं. सकाळी डोळ्यांपुढं जरा अंधारी आली तरी मी आरशात डोळ्यांच्या बाहुल्या बघायची, विषानं त्या बारीक होतात म्हणून. पोटात कळ आली की घाम फुटायचा. टबातली मेथी उपटून टाकली. डब्याखाली जाड ताडपत्रीचा तुकडा घातला, भोवती बाभळीचे काटे रचले, फाटकाला दुसरं कुलूप आणलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

मी सरळ म्हणाले, "मला कळलंय त्यात काय आहे. कोंबडी मेली. मी त्याला आता पाणी घालणार नाही. उपटून टाकते."

"उपटू नका, बाई." तिचा आवाज इतका बारीक झाला की मला फोन कानाशी दाबावा लागला. "तुमच्या पाया पडते. जरासं पाणी घाला. मी येईस्तोवर ते मरू देऊ नका."

"अगं विषाचं झाड आहे ते!"

"हाव. मला ठाव हाय. पण मरू देऊ नका."

मी हो म्हणाले. त्या आवाजाला नाही म्हणता आलं नाही. पुढं तीन महिने मी तोंडाला ओढणी बांधून, काट्यांच्या अलीकडं उभी राहून, लांब दांड्याच्या भांड्यानं घोटभर पाणी त्या डब्यात टाकत राहिले. झाडाची पानं वाऱ्याशिवाय हलल्यासारखी वाटायची. मी मागं न बघता बाहेर यायची.

गुढीपाडव्याच्या चार दिवस आधी ती परतली. शाळेतून आले तर ट्रॉली रस्त्यावर उभी होती आणि तिचा नवरा सामान उतरवत होता. घराचं कुलूप अजून तसंच होतं. ती फाटकावरून चढून अंगणात गेली होती आणि काटे बाजूला सारून डब्यापुढं उकिडवी बसली होती. रापून काळी पडलेली, गालफडं वर आलेली. झाड उन्हानं मलूल झालं होतं, पण जिवंत होतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणता येणार नाही. परीक्षेचा निकाल बघून झाल्यासारखी ती बघत होती.

दुसऱ्या दिवशी नवरा गंगाखेडला गेल्यावर ती माझ्या घरी आली. दार लोटून घेतलं आणि खाली बसली. तिनंच सुरुवात केली.

"मागच्या साली तिकडं माझं पोट पडलं. पाचवा महिना होता. दोन दिवस कोपीत पडून राहिले, तिसऱ्या दिवशी मोळी उचलली. कुणी काई बोललं न्हाई. मी बी न्हाई. इकडं आल्यावर मात्र मला काई गोडच लागंना. घर खायला उठायचं. मृग लागला, मालक पेरायला गेलते. घरात ते औषध होतं. डबा घेऊन अंगणात बसले."

मी तिचा हात धरला.

"बाजूला वांग्याची रोपं होती, डब्यात लावायला आणलेली. सुकायली होती. मला वाटलं, ही आपल्या मागं अशीच मरतील. आधी तेवढी लावून घेऊ. समदी लावली. एक राहिलं, त्याला डबाच न्हाई. मग या डब्याचं तोंड कापलं, बुडाला भोक पाडलं, औषध होतं तसंच ठिवून वर माती टाकली अन् लावलं. मनलं, बघू, हे मेलं तर मरू."

"मग?"

"आठ दिवसांत जळालं. मी दुसरं लावलं. ते बी गेलं. तिसरं लावलं. रोज उठून बघायचे, आज मेलं का उद्या मेलं. तिसरं मेलंच न्हाई, बाई. इखात पाय घालून उभं राहिलं." तिनं डोळे पुसले. "मालकाला ठाव न्हाई. तुमालाच सांगायले."

मग मी तिला विचारलं, त्या रविवारी फोन का केलास.

"ऊस तोडायले होते. एकाएकी तोंडाला कडू आलं. लसणीवानी वास यायला लागला, फडात, चहूकडं. कोयता हातातनं सुटला. मला दिसलं तुमी तोडायलाव मनून."

"दिसलं म्हणजे?"

"दिसलं," ती म्हणाली. "आता कसं सांगू?"

त्या वासाबद्दल मी तिला कधीच बोलले नव्हते. फोनवरही नाही, नंतरही नाही.

झाड आम्ही दोघींनी मिळून काढलं. तिला तयार करायला मला महिना लागला. "ते गेल्यावर मी राहीन का?" असं ती विचारायची, आणि तिला भीती वाटत होती तशीच मलाही वाटत होती. मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरबाईंशी तिला एकटीला बोलू दिलं. ती तीन-चारदा गेली. मग एका सकाळी स्वतःच म्हणाली, "चला, बाई." हातांवर पिशव्या बांधून, तोंडं झाकून आम्ही गावाबाहेरच्या मुरमाड माळावर, विहिरी-ओढ्यापासून लांब, कमरेइतका खड्डा खणला. ती खणत होती, मला तिचा वेग गाठता येत नव्हता. झाड उपटलं तेव्हा मुळं डब्याच्या आकाराची निघाली, पांढरीफेक. माती, मुळं, डबा, सगळं आत गेलं. वर दगड रचले. तिनं हातांवरच्या पिशव्या सोडल्या आणि दगडांखाली सारल्या. मग म्हणाली, "ऊन व्हायलंय, चला."

पुढच्या दिवाळीला तिच्या नवऱ्यानं भावाबरोबर जायचं ठरवलं, आणि ती मागं राहिली. नाही येणार म्हणाली तेव्हा घरात भांडण झालं, आवाज मला खिडकीतून ऐकू येत होते, पण ती हलली नाही. शाळेत पोषण आहार शिजवायला बाई हवी होती, तिथं ती लागली.

एकदा तांदूळ निवडता निवडता मी तिला विचारलं, "आता तसं वाटतं का गं कधी?"

तिनं खडा बाजूला काढला. "वाटतं की. कव्हा कव्हा. मग तुमच्याकडं येऊन बसते."

आणि ती येते. बहुतेक सुट्टीच्या दिवशी, दुपारी. दार वाजवत नाही, उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीला टेकून बसते. तिची नजर माझ्यावर नसते, खोलीत कशावरच नसते. मी हातातलं काम ठेवते, चहा टाकते आणि तिच्या शेजारी जाऊन बसते. कधी अर्धा तास जातो, कधी तास. मग ती उठते, कप विसळून पालथा घालते आणि म्हणते, "येते, बाई."